हबक्कूक : एका ओळीमागे दडलेला संदेष्टा

१/ हिब्रू बायबलमधील बारा 'लघु' संदेष्ट्यांच्या मालिकेत हबक्कूक आठवा. त्याचे पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे, एकूण ५६ वचनांचे. त्यातील तीन हिब्रू शब्दांनी पुढे युरोपच्या धर्मेतिहासाला वळण दिले. उरलेले पुस्तक मात्र अभ्यासकांपुरते राहिले. हे विस्मरण निरुपद्रवी नाही, कारण जे विसरले गेले ते त्या पुस्तकाचे मर्म होते : ईश्वराला विचारलेला, मागे न घेतलेला आणि धर्मग्रंथातच जतन झालेला एक प्रश्न. या धाग्याचे प्रतिपादन तेवढेच आहे.

२/ आधी 'लघु' या विशेषणाविषयी. ते दर्जाचे नसून लांबीचे माप आहे. यशया, यिर्मया आणि यहेज्केल यांच्या विस्तीर्ण ग्रंथांच्या तुलनेत ही बारा पुस्तके आटोपशीर आहेत, म्हणून ती 'लघु', असे ऑगस्टीन यांनी इ. स. च्या पाचव्या शतकातच स्पष्ट केले होते. ज्यू परंपरेत ही बारा पुस्तके मिळून एकच ग्रंथ गणला जातो. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी बेन सिरा याने त्यांचा उल्लेख 'बारा संदेष्टे' असा एकत्रच केला आहे.

३/ इतर संदेष्ट्यांविषयी काही ना काही कळते. आमोस तकोवाचा मेंढपाळ होता, होशेयाच्या संसाराची कथा त्याच्या पुस्तकातच येते, सफन्याची तर चार पिढ्यांची वंशावळ दिलेली आहे. हबक्कूकच्या शीर्षकात पित्याचे नाव नाही, गाव नाही, राजाचे नाव नाही. 'संदेष्टा' ही उपाधी आणि हे चमत्कारिक नाव, एवढीच त्याची ओळख. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये हे नाव अन्यत्र कुठेही येत नाही.

४/ चरित्रातील रिकाम्या जागा दंतकथा भरून काढतात. ग्रीक बायबलमधील दानिएलच्या पुस्तकाला जोडलेल्या एका कथेत, यहूदियात कापणी करणाऱ्यांसाठी जेवण घेऊन निघालेल्या हबक्कूकला देवदूत केसांना धरून उचलतो आणि थेट बॅबिलोनला सिंहांच्या विवरापाशी नेतो. ते जेवण दानिएलला मिळते. सतराव्या शतकात बर्निनी याने रोममधील सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्ये हा प्रसंग संगमरवरात कोरला. शिल्प अप्रतिम आहे; पण त्यातला हबक्कूक देवदूताच्या आज्ञेपुढे नमणारा आहे. पुस्तकातला हबक्कूक इतक्या सहज नमत नाही.

५/ नावाचा अर्थ लावण्याचे प्रयत्नही जुने आहेत. हिब्रूतील 'ह-ब-क' या धातूचा अर्थ आलिंगन देणे. चौथ्या-पाचव्या शतकातील बायबल-अनुवादक जेरोम यांनी या नावात आलिंगन पाहिले आणि कुस्तीतील मिठीही पाहिली. तेराव्या शतकातील 'झोहर' या गूढवादी ग्रंथाने एक पाऊल पुढे टाकले : अलीशा संदेष्ट्याने शुनेमच्या स्त्रीला 'तू पुत्राला कवटाळशील' असे आश्वासन दिले होते, तोच पुत्र म्हणजे हबक्कूक. मार्टिन ल्यूथर यांना या नावात रडत्या मुलाला पोटाशी धरणाऱ्याची प्रतिमा दिसली.

६/ आधुनिक भाषाशास्त्राचे उत्तर कमी भावुक आणि अधिक बोलके आहे. अक्कदी भाषेत, म्हणजे अश्शूर आणि बॅबिलोनच्या भाषेत, 'हब्बकूकू' किंवा 'हम्बकूकू' हे बागेतील एका वनस्पतीचे नाव आहे. ग्रीक अनुवादात या संदेष्ट्याचे नाव 'अम्बाकूम' असे येते; त्यातला अनुनासिक त्या अक्कदी रूपाशी जुळतो. म्हणून अनेक अभ्यासक हे नाव मूळचे अक्कदी मानतात. ते खरे असेल तर ज्या साम्राज्याच्या क्रौर्याविषयी हा मनुष्य ईश्वराला जाब विचारतो, त्याच संस्कृतीच्या भाषेतले नाव तो स्वतः वागवत होता.

७/ यात अशक्य काही नाही. इ. स. पू. आठव्या शतकात आहाज राजाच्या काळापासून यहूदाचे चिमुकले राज्य अश्शूरचे मांडलिक होते. खंडणीबरोबर शब्द, वस्तू, नावे आणि दैवतेही ये-जा करत. साम्राज्य केवळ सीमेपलीकडे नसते. ते घरातल्या बाळाच्या नावातही शिरते. अशा समाजातून आलेला मनुष्य साम्राज्याविषयी बोलतो, तेव्हा ते दूरच्या शत्रूविषयीचे बोलणे राहत नाही.

८/ पुस्तकाचा काळ एका शब्दावरून ठरतो : पहिल्या अध्यायात 'खास्दी' म्हणजे बॅबिलोनी लोकांचे नाव येते. इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे पडले. ६०९ मध्ये यहूदाचा राजा योशीया मगिद्दो येथे मारला गेला. ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत नबुखद्नेस्सरने इजिप्तचा पराभव केला आणि पश्चिम आशियाचा धनी बदलला. बहुतेक अभ्यासक हबक्कूकला याच दशकाच्या आसपास ठेवतात.

९/ तेव्हा यरुशलेमच्या गादीवर यहोयाकीम होता. मजुरांना वेतन न देता देवदारूने मढवलेला वाडा बांधल्याबद्दल यिर्मयाने त्याच्यावर कोरडे ओढले आहेत. उरीया नावाच्या संदेष्ट्याला या राजाने इजिप्तमधून पकडून आणून ठार केले, आणि यिर्मयाच्या भविष्यवाणीची गुंडाळी शेगडीत जाळली, असे यिर्मयाच्या पुस्तकात नोंदलेले आहे. प्रश्न विचारण्याची किंमत काय असते, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते.

१०/ संदेष्ट्याचे नेहमीचे काम ईश्वराचे म्हणणे लोकांना सांगणे. हबक्कूक उलट दिशेने उभा राहतो. तो लोकांचे म्हणणे ईश्वराला सांगतो. त्याची पहिली तक्रार घरातल्याच अन्यायाची आहे : किती काळ हाक मारायची? जुलूम डोळ्यांसमोर चालू आहे, दुर्जनांनी सज्जनांना घेरले आहे, न्याय वाकडा होऊन बाहेर पडतो, आणि धर्मनियम गारठून बधिर झाला आहे. हा पाखंड्याचा उपहास नाही; दाराशी तिष्ठत राहिलेल्या माणसाची ती हाक आहे.

११/ उत्तर मिळते, पण ते धक्का देणारे. अन्यायी यहूदाला शासन करण्यासाठी ईश्वर खास्दी लोकांना उठवणार आहे, ज्यांचा न्याय त्यांचे स्वतःचे बळ आहे. येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. 'जुलूम, हिंसा' या अर्थाचा एकच हिब्रू शब्द या छोट्या पुस्तकात सहा वेळा येतो. यहूदातील रोगासाठी जो शब्द वापरला, तोच खास्दी सैन्याच्या हेतूसाठी वापरला आहे. औषधाच्या बाटलीवर रोगाचेच नाव लिहिलेले आहे, आणि हे संदेष्ट्याच्या नजरेतून सुटत नाही.

१२/ म्हणून तो दुसऱ्यांदा विचारतो, आणि आता स्वर अधिक धीट होतो. ज्याचे डोळे वाईट पाहू शकत नाहीत इतके निर्मळ आहेत, तो दुष्टाने आपल्याहून बऱ्या माणसाला गिळताना गप्प का बसतो? मग एक विलक्षण प्रतिमा येते : माणसे म्हणजे धनी नसलेली मासळी, विजेता गळाने, जाळ्याने ती ओढून काढतो आणि त्या जाळ्यालाच नैवेद्य दाखवतो. सत्ता आपल्या साधनांची पूजा कशी करू लागते, याचे इतके नेमके चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

१३/ हा धीटपणा नंतरच्यांना सोसला नाही, याची खूण परंपरेनेच जपली आहे. याच संवादात (१:१२) आज 'आम्ही मरणार नाही' अशा अर्थाचा पाठ आहे. ज्यू परंपरेतील 'लेखनिकांच्या दुरुस्त्यां'च्या यादीनुसार तेथे मुळात 'तू मरणार नाहीस' असे होते. ईश्वराच्या संदर्भात मृत्यूचा उच्चारही नको म्हणून सर्वनाम बदलले गेले. या परंपरेचा प्रामाणिकपणा असा की, दुरुस्ती केली आणि ती केल्याची नोंदही ठेवली.

१४/ दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी संदेष्टा पहारेकऱ्यासारखा बुरुजावर जाऊन उभा राहतो : उत्तर मिळेपर्यंत येथून हलणे नाही. उत्तर येते की, दर्शन पाट्यांवर स्पष्ट लिही, धावणाऱ्यालाही वाचता यावे असे. उशीर लागला तरी वाट पाहा. आणि त्यानंतर ती प्रसिद्ध ओळ, जिचा भावार्थ असा : नीतिमान मनुष्य आपल्या 'एमुना'च्या बळावर जगेल. इतिहासाने उचलली ती हीच तीन शब्दांची ओळ.

१५/ 'एमुना' म्हणजे काय? मराठी बायबलमध्ये 'विश्वास' हा शब्द रूढ आहे, पण मूळ शब्दात मनाच्या मान्यतेपेक्षा टिकून राहण्याचा अर्थ अधिक आहे. निर्गमाच्या पुस्तकात अमालेकी लोकांशी लढाई चालू असता मोशेचे उंचावलेले हात सूर्यास्तापर्यंत अढळ राहिले, तेथे हाच शब्द आहे. आणि ते हात अढळ राहिले, कारण दोन माणसांनी त्यांना दोन्ही बाजूंनी आधार दिला होता. हिब्रूतील ज्या 'अ-म-न' धातूपासून 'एमुना' आणि 'आमेन' हे शब्द आले, त्याचाच अरबी जोड 'इमान' हा फारसीवाटे मराठीत रुळला. 'इमानेइतबारे' वागणे, इमान राखणे : हबक्कूकच्या शब्दाची छटा मराठी माणसाच्या तोंडी आधीपासूनच आहे.

१६/ या ओळीनंतर पुस्तक थांबत नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. लगेच पाच शापवचने येतात. दुसऱ्याचे लुबाडून धनाचे ढीग रचणारा, पापाच्या कमाईवर घर उंच बांधणारा, रक्तावर नगर उभारणारा, शेजाऱ्याला मद्य पाजून त्याची विटंबना करणारा आणि लाकडाला 'जागा हो' म्हणणारा. लुटीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या घराच्या भिंतीतला दगड ओरडतो आणि छतातली तुळई त्याला साद देते. लबानोनच्या अरण्यावर आणि तेथील जनावरांवर केलेला अत्याचारही या आरोपपत्रात आहे.

१७/ तिसरा अध्याय हे एक स्तोत्र आहे. तंतुवाद्यांवर गाण्याची सूचनाही त्यात दिलेली आहे. ते गाणे विजयाचे नाही. अंजिराला फुले नाहीत, वेलीला द्राक्षे नाहीत, जैतुनाने दगा दिला, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. आणि तरीही गाणारा गातो. काहीही सुधारल्याचे एकही चिन्ह त्या अध्यायात नाही. 'एमुना'चा अर्थ पुस्तकाने असा स्वतःच सांगितला आहे : उत्तर हाती नसताना उभे राहणे. प्रश्न काढून टाकला तर हे गाणे केवळ आशावाद ठरते.

१८/ आता या ओळीचा पुढील प्रवास. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या पहिल्या सात गुंडाळ्यांमध्ये हबक्कूकच्या पहिल्या दोन अध्यायांवरील एक भाष्य होते. आज ते यरुशलेमच्या 'श्राइन ऑफ द बुक' या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्या पंथाने 'खास्दी' या शब्दाच्या जागी आपल्या काळातले 'कित्ती', म्हणजे रोमन, पाहिले. भाष्यकार तर सांगतो की, ईश्वराने हबक्कूकला लिहायला लावले, पण काळाची परिपूर्ती त्याला कळवली नाही. ती पंथाच्या 'नीतिमत्तेच्या गुरू'ला कळवली. आणि ती ओळ? ती धर्मनियम पाळणाऱ्या आणि या गुरूशी निष्ठा ठेवणाऱ्यांविषयी आहे, असे भाष्य म्हणते.

१९/ ग्रीक अनुवादात त्याच ओळीतील सर्वनाम बदलून 'माझ्या निष्ठेने' असे झाले, म्हणजे निष्ठा माणसाची न राहता ईश्वराची झाली. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत ही ओळ उद्धृत करताना सर्वनामच गाळले. गलतीकरांस पत्रात तर तिचा उपयोग धर्मनियमाच्या विरोधी बाजूला केला. कुमरानच्या पंथाला जी ओळ नियम पाळणाऱ्यांची वाटली, तीच पौलाला नियमाविना तारण पावणाऱ्यांची वाटली. तिसरीकडे, तालमूदमधील रब्बी सिमलाई यांच्या प्रवचनात ६१३ आज्ञांचे सार क्रमाक्रमाने कमी होत जाते, आणि शेवटी सर्व आज्ञा हबक्कूकच्या या एका वचनावर उभ्या राहतात.

२०/ सोळाव्या शतकात ल्यूथर यांनी १५४५ च्या आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत सांगितले की, रोमकरांस पत्रातील त्या वचनाशी झुंजतानाच त्यांना नवे दार उघडल्यासारखे झाले. प्रॉटेस्टंट चळवळीचा एक आधारस्तंभ असा एका यहूदी संदेष्ट्याच्या तीन शब्दांवर उभा राहिला. ल्यूथर यांना मूळ पुस्तक अपरिचित नव्हते. १५२६ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र भाष्य प्रसिद्ध केले होते. पण भाष्य ग्रंथालयात राहिले आणि घोषवाक्य रस्त्यावर आले.

२१/ आणखी एक उदाहरण अधिक विचित्र आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जेफ्री पाइक या संशोधकाने बर्फाची प्रचंड विमानवाहू नौका बांधण्याची कल्पना लॉर्ड माउंटबॅटन यांच्या कार्यालयापुढे मांडली. योजनेला नाव मिळाले 'हबक्कूक', आणि सरकारी कागदांत त्याचे स्पेलिंगही चुकीचे रूढ झाले. आधार होता पहिल्या अध्यायातील ते वचन, ज्यात सांगूनही विश्वास बसणार नाही अशा कार्याचा उल्लेख आहे. मूळ संदर्भात ते कार्य म्हणजे खास्दी सैन्याची धाड. विनाशाची सूचना अभियंत्याच्या अभिमानाचे वाक्य झाली. कॅनडातील एका सरोवरावर छोटा नमुना बांधला गेला. नौका कधीच झाली नाही.

२२/ येथे एक रास्त आक्षेप येतो : प्रत्येक पिढी ग्रंथ आपल्या गरजेप्रमाणेच वाचते, मग पौलाला किंवा कुमरानच्या पंथाला दोष का द्यावा? दोष द्यायचे कारण नाही. जुन्या शब्दांना नवा अर्थ देणे हा धर्मग्रंथांच्या जिवंतपणाचाच भाग आहे. हानी होते ती पुढच्या टप्प्यावर, जेव्हा उद्धरण मूळ पुस्तकाची जागा घेते. 'नीतिमान विश्वासाने जगेल' हे वाक्य एकटे उभे केले की ते पीडिताला गप्प बसवण्याच्या कामी येऊ शकते : विश्वास असेल तर प्रश्न कशाला? ज्या पुस्तकातून ते आले, तेथे ते प्रश्न विचारणाऱ्यालाच दिलेले उत्तर आहे.

२३/ ज्यू कथापरंपरेने ही गोष्ट अधिक नीट जपली. तालमूदमध्ये होनी नावाच्या सत्पुरुषाची कथा आहे. अवर्षणाच्या काळात तो जमिनीवर वर्तुळ आखून आत उभा राहिला, आणि पाऊस पडेपर्यंत बाहेर पडणार नाही, असे त्याने ईश्वराला सांगितले. हबक्कूकने केले तसेच त्याने केले, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे या कथाकारांच्या स्मरणात बुरुजावरचा पहारा हा ईश्वरापुढे धरलेला आग्रह होता, आणि त्यांना त्यात अश्रद्धा दिसली नाही. शमोन बेन शताह या अधिकारी पुरुषाने होनीला खडसावले खरे, पण त्याच श्वासात कबूल केले की, हा ईश्वराचा लाडका आहे, लेक बापाशी हट्ट करतो तसा हा करतो.

२४/ पुढे काय झाले, हे इतिहासाला ठाऊक आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेम शरण गेले; सुमारे दहा वर्षांनी नगर आणि मंदिर दोन्ही जळाले. बॅबिलोन पडले ते ५३९ मध्ये. कर्कमीशपासून मोजली तरी मधली वर्षे ६६ होतात. 'वाट पाहा' या उत्तराची ही किंमत, आणि ती एका माणसाच्या आयुष्यात मावणारी नव्हती. ज्यांनी हे पुस्तक जपले, त्यांच्यापुढे जळालेले मंदिर होते. निश्चिंत भक्तीची अनेक गीते त्यांच्याजवळ होती, तरी त्यांनी ही तक्रारही जपली आणि पवित्र ग्रंथात तिला जागा दिली. त्या तीन शब्दांचा आदर करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या आधीची वीस वचनेही वाचावीत. ती लांब नाहीत, आणि त्यांतला प्रश्न जुना झालेला नाही.